चिंधीची हरकत

१

सुचेता टिपणीस आमच्या दारात आली तेव्हा मी नुकतंच गरम थालीपीठ मोडलं होतं. ते मला शेवटपर्यंत खायला मिळालं नाही. आमच्या घरी हे नेहमीचंच आहे. बायको वकील असली की नवऱ्याने गरम खायची हौस सोडून द्यावी.

मी कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवतो. सुचेता माझीच विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका झालेली. भिवपुरीच्या वीजघरात काम करणाऱ्या नामा बडेकरशी तिला लग्न करायचं होतं. ती टिपणिसांची, तो भातशेती करणाऱ्या आगऱ्यांचा. गावात जे व्हायचं ते बोलून झालं होतं. म्हणून दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं. खालापूरच्या कचेरीत नोटीस दिली. ती तिथल्या फलकावर महिनाभर लागली, येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाचली, आणि मुदत संपायला एकच दिवस उरला होता.

"मालतीताई, हरकत आली," सुचेता म्हणाली आणि मटकन ओट्यावर बसली.

मालती, म्हणजे माझी बायको, हात पुसत बाहेर आली. "कसली हरकत? वय? नातं?"

"नामाचं आधीच लग्न झालंय म्हणे. बायको हयात आहे. ती स्वतःच कचेरीत आली होती. तिचं नाव चिंधी."

"नामा काय म्हणतो?"

"आयुष्यात तिला पाहिलं नाही म्हणतो." सुचेताने डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते, आणि मला तेच जास्त लागलं. "पण ताई, त्या बाईने साहेबांना सांगितलं, नामाच्या डाव्या खांद्यामागे भाजल्याचा मोठा डाग आहे. तो डाग आहे. मला त्याने स्वतः सांगितलंय. तिला कसा माहीत?"

मालतीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"ती खरं बोलत असेल तर मला हे लग्न नको," सुचेता म्हणाली. "आणि खोटं बोलत असेल तर मला दुसरं कुणी नको. एवढं मला शोधून द्या."

२

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही खालापूरला गेलो. आम्ही म्हणजे मालती आणि तिची पिशवी सांभाळणारा मी. विवाह अधिकारी साहेब असे गृहस्थ, की नियमात लिहिलं नसेल तर शिंकणारही नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "हरकत आली, मला चौकशी करावी लागेल. येत्या सोमवारी दोन्ही पक्षांना बोलावलंय. हरकत टिकली तर लग्न नाही. नाही टिकली तर मुदत संपलेलीच आहे, त्याच दिवशी लावून देतो."

"लग्नाला पुरावा काय दिलाय तिने?"

"वाडीवर झालेल्या लग्नाला कागद कुठून येणार, वकीलबाई? पण बाई ठाम आहे."

चिंधी देवळाच्या धर्मशाळेत उतरली होती. पंचविशीची, काटक, हातात हिरव्या बांगड्या. आम्हाला बघून उभी राहिली. मालती पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसली, वकील म्हणून नाही, पाहुणी आल्यासारखी.

"नाव काय गं तुझं?"

"चिंधी."

"आणि नवऱ्याचं?"

"नामा. नामा बुधाजी बडेकर," ती ताडकन म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून.

"लग्न कुठं झालं?"

"ठाकुरवाडीच्या वर, माज्या मामाच्या वाडीवर. मामा मेला आता. मामीबी नाय."

"मग नांदलीस कुठं?"

"पावर हाऊसच्या गावात. गावात म्हंजे भायेर, शेतातल्या खोपीत. नामानी मला कुनाला दावली नाय. चार म्हयनं ठेवली नि हाकलली."

"भिवपुरीत?"

"हां, तिथंच. पावर हाऊसच्या गावात."

"ठाकुरवाडीहून तिथं आलीस कशी?"

"गाडीनी. कर्जत सोडून म्होरं, मुंबयच्या अंगाला ठेसन हाय ना, तिथं उतारलो. नामा पुढं, मी मागं."

"कुठलं स्टेशन? भिवपुरी?"

"तुमी म्हनता त्येच की." चिंधीने बांगड्या मागे सारल्या. "बाई, तुमी त्याच्या बाजूच्या ना? मी सोमवारी साहेबासमोर सगलं सांगनार. नामा माजा नवरा हाय."

मला तिचा राग यायला हवा होता. पण ती बोलताना खालचा ओठ दाताखाली धरत होती. मुलं दुसऱ्याची कविता म्हणून दाखवताना धरतात तसा. मी मालतीला परत येताना तसं म्हटलं.

"चित्रकलेचे मास्तर अगदीच वाया गेलेले नाहीत," ती म्हणाली. "पण पढवलेलं खरंही असू शकतं. डागाचं काय?"

३

डागाचं उत्तर भिवपुरीला मिळालं, आणि ते आम्हाला अजिबात उपयोगाचं नव्हतं. नामाच्या आई गौराबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, कालव्यावर आंगूळ करतोय ना त्यो रोज! रस्त्यानी जानारा टेंपोवालाबी बघंल."

बुधाजी, नामाचा बाप, उंबऱ्यात गप्प बसला होता. नामा त्याच्याहून गप्प. सहा फुटी गडी, पण हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं त्याला.

"बाई, मी सांगतो ते सुचेताला पटलं नाय तर?" एवढंच तो म्हणाला.

"पटवायचं काम माझं," मालती म्हणाली. "तुझ्यावर कुणाचा दात आहे का?"

नामाने मान हलवली. गौराबाईंनी मात्र आवाज खाली केला. "गोमाला इचारा. त्याच्या भनीला आमी नाय म्हनलो व्हतो."

गोमाही वीजघरातच कामाला होता. तो आम्हाला बघून हसलाच. "बहीन पनवेलला दिली, दोन पोरं झाली तिला. राग कसला धरतोय मी? पण बाई, खरं सांगू? साहेबांनी मला इचारलं तर मी कसं सांगू की नामा कुठं नि कवा गेला नाय? आमच्या पाळ्या येगळ्या. खोपीचं मला कसं म्हाईत असंल?"

म्हणजे सज्जन माणूस, आणि आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून शून्य.

४

उरले टिपणीस. तात्या टिपणीस माझ्याच शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. मुलीने नोटीस दिल्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आख्ख्या कर्जतने मनाशी ठरवून टाकलं होतं, की हरकतीमागे तात्याच आहेत. मीसुद्धा.

"तुम्ही काय विचारायला आलात ते मला ठाऊक आहे," तात्या दारातच म्हणाले. "मला हे लग्न पसंत नाही. मी ते तोंडावर सांगितलंय. यापलीकडे मी काही केलेलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा."

"सोमवारी याल का तुम्ही?" मालतीने विचारलं.

तात्यांनी दाराची कडी उगाच सरळ केली. "ती बाई खरी असेल तर माझ्या मुलीला घरी आणायला कुणीतरी लागेल ना."

त्यांचे धाकटे भाऊ अप्पा टिपणीस यांची स्टेशनपलीकडे भातगिरणी. अप्पा फार गोड माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, कोंड्याची धूळ झटकली, आणि बाहेर टेंपोपाशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली, "भिवाजी, चहा सांग रे तिघांना. बिनसाखरेचा एक."

"त्या बाईचं ऐकून फार वाईट वाटलं," अप्पा म्हणाले. "मी तिला पाहिलेलीही नाही. पण मालतीबाई, बरं झालं म्हणायचं. लग्नाआधी कळलं. पेणला माझ्या मेहुण्यांकडे सोन्यासारखा मुलगा आहे, मी त्यांना शब्दही दिला होता. सुचेताने ऐकलं नाही."

चहा आला. मालतीने तो सावकाश प्यायला. उठताना अगदी सहज म्हणाली, "अप्पासाहेब, एक विनंती होती. तात्यांना एसटीचा त्रास होतो. सोमवारी तुमच्या टेंपोतून आणाल त्यांना?"

"अहो, त्यात विनंती कसली! भिवाजी आणील दोघांनाही."

रस्त्यावर आल्यावर मी चिडलो. चौकशीला दोन दिवस राहिलेले, हाती काही नाही, आणि ही बाई टेंपोची सोय बघतेय.

"तुला काहीतरी कळलंय," मी म्हटलं. "सांग ना."

"चिंधीने एक नाव फार सहज घेतलं," मालती म्हणाली. "आणि एक नाव कितीही विचारलं तरी घेतलंच नाही."

"कुठलं?"

"घरी जाऊन शांतपणे आठवा. तुम्ही तिथेच होतात की."

मी आठवलं. रविवार अख्खा आठवण्यात गेला. काही सुचलं नाही, आणि घरी तर तिने सांगायचं साफ नाकारलं.

५

सोमवारी साहेबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला बडेकरांची माणसं, गौराबाईंच्या मागे वाडीतल्या चारपाच बायका. दुसऱ्या बाजूला तात्या आणि अप्पा. मधल्या बाकावर सुचेता एका टोकाला आणि नामा दुसऱ्या टोकाला. मधली रिकामी जागा बघवत नव्हती.

चिंधी उभी राहिली. साहेब शपथ द्यायला लागले तशी मालती उठली. "साहेब, शपथेआधी मला एक विचारू द्या. शपथेवर खोटं बोललं की तो गुन्हा होतो, आणि या बाईने गुन्हा करावा असं मला वाटत नाही."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात मनाई सापडली नाही. "विचारा."

"चिंधी, तुझ्या नवऱ्याचं नाव?"

"नामा बुधाजी बडेकर." खणखणीत.

बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. गौराबाईंनी तर तोंडावर पदर धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी लुकलुकलं.

"शिपाईभाऊ," मालती म्हणाली, "खाली झाडाखाली टिपणिसांचा टेंपो उभा आहे. त्याच्या ड्रायव्हरला वर बोलवा."

"त्याचा इथे काय संबंध?" अप्पा म्हणाले.

"असला तर दिसेल."

ड्रायव्हर आला. दारातच थबकला. चिंधीने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली टाकली. हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"हे कोण, चिंधी?"

"मला नाय म्हाईत."

"बरं. ओळखीचे नाहीत, मग हरकतच नाही. मी सांगते. यांचं नाव भिवाजी. आता तू माझ्यामागून म्हण. भिवाजी."

चिंधी गप्प.

"एवढंच म्हण. परक्या माणसाचं तर नाव आहे. नामाचं तू इतक्यांदा घेतलंस."

चिंधीचे ओठ हलले. आवाज आला नाही. खोलीत कुणी खोकतही नव्हतं. तिने एकदा नामाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि दारातल्या माणसाकडे मात्र पाहिलंच नाही.

"चिंधी, नाव घे," मालती हळूच म्हणाली. "घेतलंस तर मी हरले."

"अगं, म्हण की!" अप्पा खुर्चीतून उठून ओरडले. "तीन अक्षरं तर आहेत!"

सगळी खोली अप्पांकडे वळली. त्यांना ते उशिरा कळलं.

"अप्पासाहेब," मालती म्हणाली, "तुम्ही या बाईला पाहिलेलंही नाही म्हणालात. मग तिने नाव घ्यावं म्हणून तुमचा जीव असा का खालीवर होतोय?"

अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी चिंधीच रडायला लागली. तिने पदर पुरता पुढे ओढला.

"नाय घेत मी. धनी हायती ते माजे. त्यांचं नाव कसं घेऊ? सगलं पाठ केलं मी, डाग पाठ केला, वाडी पाठ केली. या शेटनी सांगितलं, नाय बोललीस तर यांना गाडीवरनं काढीन, पुन्ना तालुक्यात कुनी उभं नाय करनार. पण ह्ये नाव घ्यायचं कुनी सांगितलं नवतं!"

भिवाजी दारात खालमानेने उभा होता. "खरं हाय साहेब," तो म्हणाला. "मी नको म्हनत व्हतो तिला. जोर लावून नाय म्हनलो, त्ये चुकलं माजं. शेटला डागाचं बी मीच बोललो व्हतो. माल घेऊन जाताना कालव्यावर बघितला व्हता."

साहेबांनी चष्मा काढला. "वकीलबाई, तुम्हाला कळलं कसं?"

"साहेब, या भागातली कुठली बायको नवऱ्याचं नाव असं फटकन घेते? शिरगणतीवाला आला तरी शेजारणीला पुढे करतात. हिने मला विचारताक्षणी नाव-आडनाव सगळं ऐकवलं. तिथंच मला कळलं, नामा हिचा कुणी नाही. पण तेवढ्याने तुमची खात्री पटली नसती. मग लक्षात आलं, ही भिवपुरी म्हणत नाही. मी दोनदा तोंडात घालून पाहिलं, दोनदा ती पावर हाऊसवर गेली, स्टेशनाची दिशा सांगितली, पण गावाचं नाव नाही. जुन्या वळणाची बायको नवऱ्याच्या नावासारखा शब्दही तोंडी आणत नाही. म्हणजे हिचा खरा नवरा भिवा, भिवाजी, असाच कुणी. हरकत कुणी उभी केली ते मला माहीत नव्हतं. अप्पासाहेबांनी चहासाठी हाक मारली, तेव्हा तेही कळलं."

"आणि आधी त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत दोघंही तालुक्याबाहेर गेले असते. म्हणून अप्पासाहेबांनाच सांगितलं, आणा म्हणून."

मी बाकावर हात आपटला. मोठ्याने. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या क्षणी मला कुणाचीही भीती नव्हती. अशी बायको कर्जत-खालापुरात दुसऱ्या कुणाची असेल तर त्याने पुढे यावं!

तात्या उठले. धाकट्या भावासमोर जाऊन उभे राहिले. "माझ्या मुलीला नको म्हणायचा हक्क मला होता, अप्पा. मी तो वापरला. तिच्यासमोर खोटं उभं करायचा हक्क तुला कुणी दिला?"

"दादा, पेणला शब्द दिला होता मी..."

"तो तुझा शब्द होता. मुलगी माझी आहे."

अप्पा छत्रीही न घेता निघून गेले. साहेबांनी हरकत फेटाळली, कारण लिहिलं, खाली सही केली. मालतीने चिंधीवर काही ठेवू नका म्हणून विनवलं, आणि शपथ झालीच नव्हती, म्हणून साहेबांना ते नियमात बसवता आलं.

नामा उठून भिवाजीकडे गेला. मला वाटलं, आता धरतो गचांडी. "अप्पाची गाडी तर सुटली तुझी," नामा म्हणाला. "वीजघरात गाडीवर मानूस पायजेल. उद्या ये. मी बोलतो."  भिवाजीने नुसते हात जोडले.

सुचेता उठली आणि बाकावरची रिकामी जागा ओलांडून नामाच्या जागेला लागून बसली.

६

"आता वेळ घालवू नका," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज बदलला होता. "जाहीरनाम्यावर वधूवरांच्या सह्या आणि तीन साक्षीदार."

पहिली सही माझी. दुसरी गोमाची. तिसरी सुचेताची मैत्रीण करणार होती, पण हरकतीची बातमी ऐकून तिच्या वडिलांनी तिला येऊच दिलं नव्हतं. बुधाजी पुढे झाला. "माजा आंगठा चालंल का, साहेब?"

"चालेल."

"थांबा," तात्या म्हणाले. "मुलाच्या बाजूची माणसं सह्या करणार, आणि मुलीच्या बाजूचं म्हणून एक चित्रकलेचा मास्तर?" मी हे मनाला लावून घेतलं नाही. "साहेब, वधूच्या बापाला साक्षीदार होता येतं?"

"नियमात मनाई नाही."

तात्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. अक्षर नेहमीसारखं वळणदारच आलं. सुचेता आतापर्यंत कोरड्या डोळ्यांनी होती, ती आता रडली. मीही थोडासा. मला कुणाची लाज नाही.

"आता एकमेकांना उद्देशून म्हणायचं," साहेब म्हणाले. "नावानिशी. त्याशिवाय लग्न लागत नाही. कायद्याची अट आहे."

नामाने म्हटलं. पुटपुटल्यासारखं, पण म्हटलं. मग सुचेता उभी राहिली. गौराबाई आणि त्यांच्या मागच्या बायका श्वास धरून बघायला लागल्या.

"मी, सुचेता टिपणीस, तुम्हाला, नामदेव बुधाजी बडेकर, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते."

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"अगो बाय!" गौराबाई ओरडल्या. "अख्खं घेतलंन् की नाव! सासऱ्यासकट!" आणि त्या इतक्या हसल्या की हसताहसता त्यांनी तिथेच धवला धरला. लग्नातली बायकांची गाणी ती. मागच्या बायकांनी सूर उचलला. शिपाई घाबरून साहेबांकडे बघायला लागला.

साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढे ओढलं, एक पान उलटलं आणि मिटून ठेवलं. "दार उघड," ते शिपायाला म्हणाले. "बाहेरच्यांनाही ऐकू दे."

गात गातच सगळे पायऱ्या उतरले. चिंधी आणि भिवाजी पायरीच्या बाजूला उभे होते. गौराबाईंनी चिंधीचा हात धरून तिला बायकांच्या रांगेत ओढली. तात्या मात्र फलकापाशी एकटेच रेंगाळत होते, कुठे जावं ते न कळून. बुधाजी माघारी आला.

"चला, व्याही," तो म्हणाला. "भात शिजलाय घरी. तुमची वाट बघतोय आमी सगले."

तात्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला आणि ते बुधाजीच्या बरोबरीने चालायला लागले.